आमचा हिशेब कोणाच्या कुलपात?



'सर्व्हर डाऊन आहे' हे तीन शब्द आता आसेगावच्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. सातबारा काढायला जावे, सर्व्हर डाऊन. विम्याचा अर्ज भरायला जावे, सर्व्हर डाऊन. रेशनच्या यंत्रावर अंगठा ठेवावा, सर्व्हर डाऊन. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' या मोबाईलवरच्या ॲपमध्ये नोंदणी सक्तीची झाली. म्हणजे बोंडातला कापूस घरात येण्याआधी शेतकऱ्याचे नाव, सातबारा आणि आधार कुठल्या तरी सर्व्हरच्या पोटात जाऊन बसतो. पूर्वी साहेब जागेवर नसायचे, आता सर्व्हर जागेवर नसतो. शेतकऱ्याने बाकावर बसून वाट पाहायची, हे मात्र तसेच राहिले.

हा सर्व्हर आहे तरी कोण? आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की ती मुंबई-दिल्लीला काचेच्या खोलीत ठेवलेली, कोट्यवधी रुपयांची काही तरी वस्तू असावी. तशाही असतात. पण सर्व्हर या शब्दाचा साधा अर्थ चाकरी करणारा. कार्यालयात चार संगणक असतील आणि पाचवा त्या चौघांच्या वह्या सांभाळत असेल, मागेल त्याला मागेल ते पान काढून देत असेल, तर तो पाचवा संगणक म्हणजे सर्व्हर. पेढीवरचा जुना मुनीमच म्हणा ना! त्याला काचेची खोली लागत नाही. आठ-दहा वर्षांचा जुना संगणक चालतो. इंटरनेटही लागत नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलेली केबल पुरते.

आमचे म्हणणे असे आहे की, सेवा सोसायटी असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो, बचत गटांचा महासंघ असो की आपल्या चळवळीचे जिल्हा कार्यालय असो, ज्याच्याकडे दोनपेक्षा जास्त संगणक आणि शंभरपेक्षा जास्त सभासदांचा हिशेब आहे त्याने आपला मुनीम आपल्या घरात ठेवावा. आणि त्या मुनिमाच्या डोक्यात जे सॉफ्टवेअर घालायचे ते कोणाच्या मालकीचे, कुलूपबंद नसावे, मुक्त असावे. हे म्हणणे आम्ही पुस्तक वाचून मांडत नाही. हात पोळून मांडतो आहोत.

आमच्यावर काय गुदरले

काही वर्षांमागे आमच्या गटाने ज्वारी आणि तुरीची सामुदायिक विक्री सुरू केली. दोनशेच्या वर सभासद. प्रत्येकाचा काटा, ओलाव्याची घट, बारदाना, हमाली आणि चुकारा यांचा हिशेब ठेवायला शहरातल्या एका दुकानदाराकडून संगणकाचा प्रोग्राम घेतला. कार्यक्रम झाला, नारळ फुटला, फोटो निघाला. प्रोग्रामला दर वर्षी नूतनीकरणाचे पैसे द्यायचे होते आणि तो एकाच संगणकाला बांधलेला होता. त्या एका संगणकाशिवाय तो दुसरीकडे उघडत नसे. त्या वेळी आम्हाला ही अट खटकली नाही.

मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि तो संगणक गेला. आतली डिस्क कशीबशी वाचली. फाईलही सापडली. पण ती उघडेना. नवा संगणक घेतला तर प्रोग्राम नवा परवाना मागू लागला, आणि परवाना देणाऱ्या दुकानाला तोवर कुलूप लागले होते. आमच्या सभासदांचा हिशेब आमच्या टेबलावर, आमच्या डिस्कमध्ये होता आणि आम्हालाच तो वाचता येत नव्हता.

पुढचे दीड महिने आम्ही गावोगाव फिरलो. पत्र्याच्या पेट्यांतून, देवघरातून, पासबुकाच्या घडीतून लोकांनी जपलेल्या काटापट्ट्या गोळा केल्या आणि वही पुन्हा लिहिली. ज्यांनी पट्टी जपली त्यांचा चुकारा जुळला. ज्यांची पट्टी पावसात भिजली त्यांचा शब्द प्रमाण मानावा लागला आणि त्यावरून दोन भावक्यांत बोलणे बंद झाले. एका विधवा बाईच्या तीन पोत्यांचा वाद आजही आमच्या मनाला टोचतो. ती खरे बोलत होती असे आम्हाला वाटते. पण दाखवायला कागद नव्हता तिच्याकडे, आणि आमच्याकडेही.

या सगळ्यात चूक कोणाची? दुकानदाराला शिव्या देणे सोपे आहे. पण कुलूप लावलेली पेटी आम्हीच डोळे झाकून विकत घेतली होती. किल्ली कोणाकडे राहणार हे आम्ही विचारलेच नव्हते.

घरचे बियाणे आणि पाकिटातले बियाणे

आम्ही शिकलो शेतीचे. संगणकाची गोष्ट आम्हाला समजली तीही बियाण्यातूनच.

मालदांडी ज्वारी घ्या. चांगली कणसे निवडा, वाळवा, राखून ठेवा, पुढच्या रब्बीत पेरा. शेजाऱ्याला पायलीभर द्या. तो तुम्हाला विचारणार नाही, तुम्ही कंपनीला विचारणार नाही. हे सरळ वाण. आता संकरित ज्वारी किंवा संकरित कपाशी घ्या. पीक जोरदार येते, नाही म्हणत नाही. पण त्याचे बी धरून पेरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी राहत नाहीत, उत्पन्न घसरते. म्हणून दर खरिपाला नवे पाकीट. २०२५ च्या खरिपात बीजी-२ कपाशीच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. पाकिटात काय आहे, कसे बनवले, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही आणि कळले तरी उपयोग नाही.

सॉफ्टवेअरचेही असेच दोन प्रकार. एक पाकिटातले: कंपनी ते चालवायची परवानगी विकते, आतली रचना दाखवत नाही, दुसऱ्याला दिले तर गुन्हा. कार्यालयाच्या सर्व्हरसाठी तर बहुधा दोनदा पैसे मोजावे लागतात. एकदा सर्व्हरचे आणि पुन्हा त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचे किंवा संगणकाचे. विहीर विकत घ्यावी आणि वर प्रत्येक दोराचे भाडे द्यावे, तशातली गत.

दुसरा प्रकार घरच्या बियाण्याचा. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाने जाहीर केले की, आपण अशी प्रणाली लिहू जी कोणीही चालवावी, उघडून पाहावी, बदलावी आणि वाटावी. या चार हक्कांना कायद्याचे कवच देणारा परवाना १९८९ साली आला. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी त्याच परवान्याखाली जगाला दिला. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेलने 'सांबा'ची सुरुवात केली. लिनक्सच्या सर्व्हरवरची कपाटे विंडोजच्या संगणकाला आपलीच वाटावीत, ही सांबाची करामत. १९९३ मध्ये 'डेबियन' सुरू झाले. लिनक्स आणि हजारो उपयोगी प्रोग्राम एकत्र बांधून स्वयंसेवक ते आजही फुकट देतात.

बियाण्याच्या बाबतीत आपल्या देशाने २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला. फक्त कंपनीच्या ब्रँडने विकायला मनाई ठेवली. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना हा त्याच जातीचा हक्क आहे. म्हणून आम्ही त्याला 'फुकट' म्हणत नाही, 'मुक्त' म्हणतो. फुकट तर दुकानदार नमुन्याचे पाकीटही देतो!

कोर्टात चालते, सोसायटीत का नाही?

'हे हौशी पोरांचे खेळ, कामाच्या ठिकाणी चालायचे नाहीत,' असे आम्हाला एका शिकलेल्या गृहस्थाने ऐकवले. त्यांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

आपल्यापैकी अनेकांच्या बांधाच्या, वाटणीच्या केसेस तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे चालू आहेत. त्या केसची पुढची तारीख ज्या संगणक प्रणालीतून निघते, ती देशभरातल्या जिल्हा न्यायालयांची प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर बांधली आहे. न्यायालयांच्या संगणकांसाठी उबुंटू हे लिनक्सचेच एक रूप निवडले गेले. केरळने २००१ पासून शाळांमध्ये संगणक नेले आणि पुढे तिथले सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. गावच्या शाळेतले मास्तर आणि पोरेच ते चालवतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये धोरण जाहीर केले की सरकारी कार्यालयांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे. मुंबईतल्या एका कंपनीने लिहिलेली 'ईआरपीनेक्स्ट' ही खरेदी, विक्री, साठा आणि खतावणीची प्रणाली मुक्त आहे आणि देशोदेशीचे कारखाने ती वापरतात.

सरकारला जे चालते, कोर्टाला जे चालते, कारखानदाराला जे चालते, ते आसेगावच्या सोसायटीला का चालू नये? आम्हाला एकच कारण दिसते. ते विकायला कोणी दलाल येत नाही, कारण त्यात कमिशन नाही.

आमच्या खोलीत काय मांडले आहे

कामाचे बोलू. आसेगावच्या आमच्या कार्यालयात आज जे चालते ते असे.

एक जुना संगणक. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि नवी विंडोज ११ जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर चढत नाही. त्यामुळे बँका, शाळा, दुकाने चांगले चालते संगणक भंगारात काढत आहेत. असा एक आम्ही घेतला. त्यात दोन नव्या डिस्क टाकल्या. दोन्हीवर एकच मजकूर आरशासारखा उमटतो. एक गेली तरी दुसरी काम चालू ठेवते. त्यावर डेबियन चढवले. चढवतानाच्या सूचना मराठीतही वाचता येतात. आठ तोंडांचा एक स्विच, केबल, एक यूपीएस आणि चांगले अर्थिंग. यात सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. खर्च लागला तो डिस्क, यूपीएस आणि केबलचा.

सांबाने तीन कपाटे केली: सर्वांचे, हिशेबाचे आणि सभासदांच्या कागदांचे. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड. हिशेबाच्या कपाटात कोण जाऊ शकतो हे कार्यकारिणीने ठरवले आणि इतिवृत्तात लिहिले. अध्यक्षालाही कारकुनाचा पासवर्ड मागायचा अधिकार नाही. एकच प्रिंटर चारही संगणकांना चालतो. काटापट्टी निघते ती या खोलीतल्या सर्व्हरवरून. टॉवरची रेंज गेली तरी काटा थांबत नाही. बाहेरच्या जगातून या सर्व्हरकडे येणारी वाट आम्ही ठेवलेलीच नाही.

मजकूर युनिकोड मराठीत आणि उघड्या रचनेच्या फाईलमध्ये. हा मुद्दा बारीक वाटेल, पण महत्त्वाचा आहे. नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या फाँटांत टाईप केलेली आपल्याच चळवळीची पत्रके आज उघडली तर पडद्यावर चित्रविचित्र खुणा दिसतात, कारण तो फाँट गेला. तीस वर्षांत आपले शब्द आपल्यालाच परके झाले. पुन्हा तसे होऊ द्यायचे नाही.

आणि सगळ्यात मोठे काम म्हणजे राखण. नियम सोपा आहे: महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आरशासारख्या दोन डिस्क म्हणजे राखण नव्हे, हे लक्षात ठेवा. चुकून एक पान पुसले तर ते दोन्हीकडून पुसले जाते. म्हणून रोज रात्री सर्व्हर आपली प्रत वेगळ्या डिस्कवर काढतो. दर शनिवारी एक प्रत कुलूपबंद करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करून, दुसऱ्या गावच्या सभासदाच्या घरी जाते. या कुलपाची किल्ली मात्र आमच्याकडे आहे. तिघा जणांकडे, लिफाफ्यात.

पेरणीआधी आपण गोणपाट ओला करून शंभर दाणे ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. न तपासलेले बियाणे पेरणारा शेतकरी शहाणा नव्हे. तसेच राखलेल्या प्रतीचे. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखाद्या सभासदाचा हिशेब परत काढून पाहायचा. उघडला तर राखण आहे. नाही उघडला तर नुसती डिस्क आहे.

वारणेचा धडा

संगणकाने खेड्याचे सोने होईल असे सांगणारे पूर्वीही येऊन गेले. १९९८ साली कोल्हापूर-सांगली भागातल्या वारणा परिसरातली ७० गावे संगणकाने जोडण्याचा मोठा प्रकल्प केंद्र आणि राज्य सरकारच्या पैशाने सुरू झाला. गावोगाव संगणकाची केंद्रे उघडली. शेतकऱ्याला बाजारभाव, पीक सल्ला, जगाचे ज्ञान मिळेल असा गाजावाजा झाला. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले तेव्हा ती केंद्रे चालू होती ती मुख्यतः एका कामासाठी. उसाची नोंद, तोडीची पाळी, काटा, खताची मागणी. त्यासाठी तर इतका मोठा संगणकही नको होता. २००६-०७ मध्ये त्यातल्या काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले आणि ते स्वस्तात झाले.

काही जण यावरून म्हणतात की शेतकऱ्याला संगणक झेपत नाही. आमचा निष्कर्ष उलटा आहे. शेतकऱ्याने सगळी सजावट बाजूला सारून नेमके आपल्या कामाचे उचलले: माझा माल किती, माझा पैसा किती, माझी पाळी कधी. यंत्र गरजेच्या मापाचे असावे, हा वारणेचा धडा आहे. म्हणून आम्ही कोणाला काचेची खोली बांधायला सांगत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्राने देशातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. सर्व सोसायट्यांना एकच राष्ट्रीय प्रणाली. आमचा त्याला विरोध नाही. गटसचिवाच्या पिशवीतल्या वहीपेक्षा ते बरे. पण ज्या घरांनी कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस पाहिले त्यांना 'एकच' या शब्दाची थोडी धास्ती असणारच. आम्ही लहानपणी वडिलांबरोबर खरेदी केंद्राबाहेर बैलगाडीवर रात्री काढल्या आहेत. माल आपला, पण तो कुठे जायचा, कधी मोजायचा, पैसे कधी यायचे हे दुसऱ्याने ठरवायचे. हिशेबाच्या बाबतीत तसे होऊ नये. म्हणून प्रणाली कोणतीही असो, सभासदांच्या हिशेबाची पूर्ण, वाचता येईल अशी प्रत दर महिन्याला सोसायटीच्या स्वतःच्या सर्व्हरवर उतरलीच पाहिजे, एवढी आमची मागणी आहे.

अडचणी लपवत नाही

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे रामबाण नव्हे. आपल्या हिशेबनिसाची टॅली विंडोजवर चालते. डिजिटल सहीची चावी आणि काही सरकारी संकेतस्थळे लिनक्सवर कुरकुर करतात. म्हणून आम्ही एक संगणक विंडोजवरच ठेवला आहे, रीतसर परवान्याचा. चोरीची प्रत नाही. सर्व्हर मुक्त असला की टेबलावरचे संगणक हळूहळू बदलता येतात. एका हंगामात सगळी जमीन नव्या वाणाखाली कोणी आणत नाही.

सुरक्षिततेचेही तसेच. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरचे विंडोज संगणक कुलूपबंद केले. त्या भगदाडाची दुरुस्ती दोन महिने आधीच आली होती; ज्यांनी ती घेतली नाही त्यांतले पुष्कळ जण बुडाले. पण त्याच महिन्यात सांबातही एक भगदाड सापडले आणि बुजवावे लागले. २०२४ मध्ये तर लिनक्सबरोबर येणाऱ्या एका लहानशा प्रोग्राममध्ये कोणी तरी मुद्दाम चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. रचना उघडी होती म्हणून एका जागरूक माणसाला ती फार पसरण्याआधी दिसली. पण पाहणारा लागतो. डवरणी केली नाही तर घरच्या बियाण्याच्या शेतातही तण माजतेच. दर आठवड्याला दुरुस्त्या घेणे ही सर्व्हरची डवरणी आहे.

खरा प्रश्न माणसाचा आहे. 'बिघडले तर पाहणार कोण?' शहरातून माणूस बोलावला तर त्याचे जाणे-येणे आणि फी मिळून स्वस्ताई संपते. यावर उत्तर एकच: आपली माणसे तयार करणे. आपल्या घराघरात बारावी, आयटीआय, बीसीए झालेली मुले-मुली नोकरीची जाहिरात पाहत बसली आहेत. आमच्या सर्व्हरची देखभाल आज करणारी मुलगी पऱ्हाटी वेचून कॉलेजला जात होती. तिने काय केले, कोणती आज्ञा दिली, हे ती वहीत लिहून ठेवते, म्हणजे उद्या तिचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली तरी वही राहील. सॉफ्टवेअर मुक्त असून ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात कुलूपबंद राहिले, तर आपण काय मिळवले?

जिल्हा बैठकीपुढे

सर्व्हर आला म्हणून कापसाला भाव मिळणार नाही, हे आम्हाला कळते. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती चालू राहील. पण त्या लढाईत उभे राहताना हातात आपला आकडा लागतो. गेल्या पाच वर्षांत कोणत्या व्यापाऱ्याने ओलाव्यापोटी किती कापले, चुकारा किती दिवसांनी दिला, याचा दोनशे घरांचा एकत्र हिशेब ज्या दिवशी आपण टेबलावर ठेवू शकू, त्या दिवशी समोरचा बोलण्याआधी एकदा विचार करील. तो हिशेब आज त्याच्या संगणकात आहे. आपल्यात नाही.

म्हणून आमच्या सूचना चार आहेत. पहिली: कोणताही संगणक प्रोग्राम घेण्याआधी संस्थेने लेखी विचारावे की उद्या तुम्ही नसाल तर आमचा हिशेब आम्हाला कसा उघडता येईल? उत्तर नसेल तर प्रोग्राम घेऊ नये. दुसरी: सभासदांच्या हिशेबाच्या तीन प्रती आणि महिन्याची तपासणी हा विषय प्रत्येक मासिक सभेच्या इतिवृत्तात यावा. तिसरी: प्रत्येक तालुक्याने दोन मुले-मुली निवडावीत, त्यातली एक तरी मुलगी असावी. आसेगावच्या खोलीत आम्ही त्यांना आमच्या सर्व्हरवर शिकवू, फी नाही, भाकर आपापली आणावी. चौथी: सभासदाचे आधार, खाते क्रमांक आणि सातबारा ही त्याची मालमत्ता आहे. २०२३ च्या केंद्रीय कायद्यानेही माणसाच्या खासगी माहितीवर त्याचा हक्क मान्य केला आहे. ती कोणालाही देण्याआधी सभासदाची संमती घ्यावी, आपल्या चळवळीनेसुद्धा.

सोसायटीच्या वार्षिक सभेला जाल तेव्हा अहवालाच्या शेवटच्या पानावर अंगठा किंवा सही करण्याआधी उभे राहून एक प्रश्न विचारा: 'सचिवसाहेब, माझा हिशेब कुठे ठेवला आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे?' उत्तर काय मिळाले ते पुढच्या बैठकीत येऊन सांगा. आणि तोवर काटापट्टी जपून ठेवा.